जून कोंबडी शिजायला वेळ का लागतो?

परसातला वर्षाचा कोंबडा चुलीवर दोन तास रटरटतो, बाजारातली बॉयलर मात्र अर्ध्या तासात हाडापासून सुटते. आजी म्हणायची, "जून आहे, लाकडं जास्त लागणार." तिचं बरोबर होतं. फरक मुख्यतः वयाचा आहे.

बॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोची होते. इंजेक्शनं देऊन फुगवतात, हा समज खोटा आहे. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन, खाद्यातून दिलं तर ते पोटात पचून जाईल. आणि हजारो पक्ष्यांना पुन्हापुन्हा सुई टोचत कोण बसणार? पिढ्यान्‌पिढ्या भराभर वाढणाऱ्या पक्ष्यांचीच केलेली पैदास आणि भरपूर प्रथिनं असलेलं खाद्य, एवढंच त्यामागे आहे. दाणे-किडे वेचत हिंडणाऱ्या गावठी पक्ष्याला तेवढं वजन भरायला कित्येक महिने लागतात.

त्या महिन्यांत मांसात काय घडतं? स्नायूंच्या तंतूंना कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या पातळ पडद्यांनी एकत्र बांधलेलं असतं. कोवळ्या पक्ष्यात या प्रथिनाचे धागे सैल असतात, थोड्या आचेने सुटतात. वय वाढतं तसे धाग्याधाग्यांत रासायनिक टाके पडत जातात आणि ते पक्के होतात. ते उसवायला ओली उष्णता आणि वेळ, दोन्ही हवेत. कोलॅजेन विरघळलं की त्याचं जिलेटिन होतं. म्हणून गावठीचा रस्सा अंगचाच दाट लागतो आणि उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी थलथलीत गोठलेला दिसतो. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर तापतं, त्यामुळे हेच काम लवकर उरकतं.

तंगडी काळपट का, तर दिवसभर चालणाऱ्या स्नायूंना प्राणवायू लागतो आणि तो साठवणारं मायोग्लोबिन लालसर असतं. कोंबडी फारशी उडत नाही, त्यामुळे छातीचं मांस पांढरं.

घरी कोंबड्या पाळणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते: पाहुणे आले की कापायची आणि लगेच फोडणीला टाकायची. कापल्यानंतर स्नायूंतली ऊर्जा संपते, तंतू एकमेकांत अडकतात आणि मांस ताठरतं. काही तासांनी ते पुन्हा सैल पडतं. त्याआधी शिजवलं तर कोवळी तलंगही चिवट लागते. म्हणून कोंबडी साफ करून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. सुक्क्यासाठी चार-पाच महिन्यांचा कोंबडा घ्यावा, अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी रश्श्यासाठी राखावी.