जर्मन इंग्लंडात उतरले असते तर... या गोष्टी आल्या कुठून?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने इंग्लंड घेतलं असतं तर काय झालं असतं, यावर इंग्रजीत एवढं लिहून झालंय की आता तो एक वेगळा प्रकारच झालाय. लंडनमध्ये स्वस्तिकाचे झेंडे, रस्त्यात जर्मन पहारा आणि मधे एखादा इंग्रज पोलीस, जो मान खाली घालून ड्युटी करत राहतो. आपल्याकडे नारळीकरांनी कथेत पानिपत जिंकून दाखवलं ते पटकन समजतं, हरलेली लढाई जिंकावीशी कोणालाही वाटेल. पण हे लोक जिंकलेलं युद्ध पुन्हा पुन्हा हरून बघतात, हे काय प्रकरण आहे? आणि याची सुरुवात हिटलरपासून झाली असं वाटत असेल तर तेही नाही, हा प्रकार त्याच्या जन्माच्या आधीचा आहे.

१८७०-७१ मध्ये प्रशियाने, म्हणजे जर्मनांच्या सगळ्यात बलाढ्य राज्याने, फ्रान्सला बघता बघता लोळवलं आणि लंडनमध्ये घबराट सुरू झाली. तेव्हा जॉर्ज चेस्नी नावाच्या लष्करी इंजिनिअरने मे १८७१ मध्ये ब्लॅकवुड्स मासिकात निनावी कथा छापली, ‘डॉर्किंगची लढाई’. एक म्हातारा नातवंडांना सांगतोय की पन्नास वर्षांपूर्वी आपण देश कसा घालवला. आरमार भलतीकडे पांगलेलं, थोडंफार सैन्य हिंदुस्थानातला उठाव मोडायला गेलेलं, स्वयंसेवक हौसेने जमलेत पण त्यांना जेवण कोण देणार, जायचं कुठे, कोणालाच पत्ता नाही, आणि समोर जर्मन बोलणारा पण नाव न घेतलेला शत्रू. चेस्नी स्वतः १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला माणूस, म्हणजे दुसऱ्याच्या देशात घुसणं काय असतं ते आतून बघितलेला, आणि तोच आता आपल्या घरात कोणी घुसलं तर म्हणून घाबरवतोय. आपण वाचताना इथे थोडं हसू येतंच. त्याला हवं होतं ते एवढंच की सरकारने सैन्य सुधारावं. पण कथा इतकी गाजली की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना सप्टेंबरमध्ये भाषणात लोकांना असल्या भीतीपासून सावध करावं लागलं.

मग या गोष्टींचा धंदा झाला. १८८२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचं काम थांबलं त्यामागेही हीच भीती, की बोगद्यातून शत्रू आला तर! १९०६ मध्ये विल्यम ल क्यू याची ‘१९१० चं आक्रमण’ ही मालिका डेली मेलमध्ये आली, जर्मन सैन्याचा मार्ग ठरवायला चक्क माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सची मदत. पण पेपरच्या मालकाने तो मार्ग बदलायला लावला, कारण जर्मन सैन्य जिथे पेपर खपतो अशा गावांमधून गेलं पाहिजे ना! जाहिरातीसाठी प्रशियन गणवेश घातलेली माणसं लंडनच्या रस्त्यावर फिरवली. १९०९ मध्ये विनोदी लेखक वुडहाउसने याची मस्त टिंगल केली, त्याच्या पुस्तकात एक बॉय स्काउट देश वाचवतो. पण त्याच वर्षी जर्मन हेरांच्या भीतीपोटी ब्रिटनने गुप्तहेर खातं काढलं, त्याचंच पुढे एमआय-५ आणि एमआय-६ झालं. म्हणजे कादंबऱ्यांनी तापवलेल्या हवेचा हातभार खऱ्या सरकारी खात्याला लागला.

१९४० मध्ये मात्र खरंच वेळ आली. फ्रान्स पडला, १६ जुलैला हिटलरने इंग्लंडवर उतरायच्या तयारीचा हुकूम काढला, नाव सी लायन. इंग्लंडात रस्त्यावरच्या पाट्या काढल्या, चर्चच्या घंटा बंद केल्या, त्या फक्त शत्रू उतरला तरच वाजवायच्या. ७ सप्टेंबरला ‘क्रॉमवेल’ हा इशाऱ्याचा शब्द गेला आणि काही ठिकाणी लोकांनी घाईत घंटा वाजवल्यासुद्धा. पलीकडे जर्मनांची अवस्था अशी, की सैन्य न्यायला नदीतून माल वाहणारे बार्ज गोळा केलेले, कित्येकांना इंजिनच नाही, ओढून न्यायचे, आणि नॉर्वेच्या मोहिमेत आरमाराची बरीच जहाजं आधीच बुडालेली. विमानदलालाही आकाश जिंकता आलं नाही, १७ सप्टेंबरला बेत पुढे ढकलला तो कायमचाच. १९७४ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत हा हल्ला कागदावर खेळून बघितला, त्यातही जर्मन हरले.

त्यामुळे या प्रकारात लिहिणाऱ्यांची खरी अडचण ब्रिटिश आरमार आहे, ते कुठेतरी गायब करावं लागतं आणि बहुतेक गोष्टी तिथेच पडतात. शहाणे लेखक ही भानगड टाळून हल्ला झाल्यानंतरचं लिहितात. युद्धानंतर प्रश्नही बदलला, शत्रू येईल का हा नाही, तर आला असता तर आपल्यातले कितीजण त्याच्याकडे कामाला गेले असते. १९५६ मध्ये केव्हिन ब्राउनलो आणि अँड्र्यू मोलो या १८ आणि १६ वर्षांच्या दोन पोरांनी यावर सिनेमा सुरू केला, पूर्ण व्हायला आठेक वर्षं गेली. एक साधी नर्स, फक्त काम हवं म्हणून नाझींच्या बाजूच्या संघटनेत जाते. त्यात खऱ्या ब्रिटिश फॅसिस्टांना कॅमेऱ्यासमोर बोलू दिलं होतं आणि वितरकांनी नेमका तोच भाग कापला. १९७८ मध्ये लेन डायटनने कादंबरीत एसएस या नाझींच्या खास दलाच्या हाताखाली खुनाचा तपास करणारा स्कॉटलंड यार्डचा अधिकारी लिहिला, तोही त्याच वळणाचा.

आणि याचं खरं उत्तर शोधायला कल्पनेत जायची गरजही नाही. इंग्लिश खाडीतली जर्सी, गर्न्सी ही ब्रिटिश अमलाखालची बेटं जून-जुलै १९४० पासून मे १९४५ पर्यंत जर्मनांच्याच ताब्यात होती. ब्रिटिश हेल्मेटमधले पोलीस जर्मन अधिकाऱ्यांबरोबर उभे असलेले फोटो आहेत. तिथल्याच प्रशासनाने ज्यूंची नोंदणी केली, आणि १९४२ मध्ये गर्न्सीतून तीन ज्यू बायका फ्रान्सला पाठवल्या गेल्या, तिथून आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत. तिघींपैकी एकही परत आली नाही.