डायलिसिस रुग्णांसाठी हेपॅटायटिस बी लस

हेमोडायलिसिसवरील प्रौढ रुग्णाला ही लस दुप्पट मात्रेत द्यावी लागते. इतरांना २० मायक्रोग्रॅम, तर या रुग्णांना दर वेळी ४०. तेही ०, १, २ आणि ६ महिन्यांनी असे चार वेळा. भारतात प्रौढांच्या कुपीत सहसा १ मिलीमध्ये २० मायक्रोग्रॅम असतात. त्यामुळे एका वेळी दोन कुप्या लागतात आणि खर्च टाळायला नेमकी इथेच काटछाट होते. डायलिसिससाठीच्या रिकॉम्बिव्हॅक्स एचबी या लशीच्या १ मिलीतच ४० मायक्रोग्रॅम असतात; तिचे डोस तीनच (०, १, ६). युरोपातील फेन्ड्रिक्स ही लस २० मायक्रोग्रॅमचीच, पण तिच्यातला सहायक (प्रतिसाद वाढवणारा) घटक अधिक प्रभावी असतो. म्हणून वेळापत्रक लशीच्या नावासह पाहावे.

इंजेक्शन दंडाच्या स्नायूत, फिस्चुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हातात, शक्यतो हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) सुरू होण्याआधी द्यावे. नितंबात दिल्यास लस चरबीत राहते आणि प्रतिसाद घटतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी. गोठलेली कुपी टाकून द्यावी, कारण गोठल्यावर अ‍ॅल्युमिनियमयुक्त घटकाच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी ठरते.

निरोगी तरुणांत नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना संरक्षण मिळते, डायलिसिसवर हे प्रमाण बरेच कमी. युरेमियामुळे (रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे) प्रतिजन (लशीतला विषाणूचा अंश) रोगप्रतिकारक टी-पेशींपुढे नीट मांडला जात नाही, आणि टी-पेशींच्या मदतीशिवाय बी-पेशी पुरेशी प्रतिपिंडे बनवत नाहीत. वाढते वय, मधुमेह, कुपोषण यांनी भर पडते. डायलिसिस लागण्यापूर्वीच लस टोचलेली उत्तम.

कार्डावर चार तारखा भरल्या म्हणजे संरक्षण मिळाले असे नव्हे. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस (या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे) तपासावे. पातळी १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास पूर्ण मालिका पुन्हा द्यावी. तरीही वाढली नाही, तर रुग्ण असुरक्षित समजून दरमहा एचबीएसएजी (विषाणूचा प्रतिजन, संसर्गाची खूण) तपासणी चालू ठेवावी. निरोगी माणसात पातळी उतरली तरी स्मृतिपेशी संरक्षण देतात. इथे तो भरवसा नसतो. म्हणून अँटी-एचबीएस तपासणी दरवर्षी करावी आणि पातळी १० खाली गेली की बूस्टर द्यावा.

एचबीएसएजीसाठी रक्त लशीआधी घ्यावे. लशीतला प्रतिजन डायलिसिस रुग्णाच्या रक्तात तीन आठवड्यांपर्यंत सापडू शकतो. त्या खोट्या पॉझिटिव्ह अहवालावरून रुग्णाला पॉझिटिव्ह रुग्णांच्या मशीनवर हलवले, तर खऱ्या संसर्गाचा धोका आपणच ओढवून घेतो.