भांडणात दोघंही खरंच बोलत असतात

कुठल्याही भांडणानंतर दोन्ही बाजूंची तक्रार ऐकायला बसलात तर एक वाक्य हमखास कानावर येतं, "सुरुवात मी नाही केली, त्याने केली." भांडण सोसायटीच्या पाण्यावरून असो, शेताच्या बांधावरून असो, गणपतीच्या वर्गणीवरून असो नाहीतर घरातल्या घरात नवराबायकोचं असो. आणि त्याला जोडूनच दुसरं वाक्य येतं, "मी तर जेवढ्यास तेवढंच बोललो." आपण ऐकणारे काय करतो, दोघांपैकी कोणीतरी एक थापा मारतोय असं धरून चालतो आणि मग तो कोण हे शोधत बसतो. पण बऱ्याचदा दोघांपैकी कोणीच थापा मारत नसतं, दोघांनाही खरोखर तसंच जाणवलेलं असतं. आणि हे नुसतं समजूत घालायला म्हणत नाहीये, हे लॅबमधे मोजून झालंय.

२००३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे सुखविंदर शेरगिल, डॅनियल वोल्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. दोन माणसं समोरासमोर, प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एक छोटा दांडा ठेवलेला. आधी मशीनने एकाच्या बोटावर हलकासा दाब दिला. मग त्याला सांगितलं की तुला जेवढा दाब जाणवला बरोब्बर तेवढाच समोरच्याच्या बोटावर दे, जास्त नको कमी नको. मग समोरच्याने त्याला मिळाला तेवढाच परत करायचा, असं आळीपाळीने. दुसऱ्याला काय सूचना दिल्यात हे कोणालाच माहीत नव्हतं. राग नाही, जुनं वैर नाही, जिंकणं-हरणं नाही, फक्त मिळालं तेवढं परत द्यायचं. तरी दाब वाढतच गेला, दर पाळीला सरासरी ३८ टक्क्यांनी! हा वेग चक्रवाढ व्याजासारखा धरला तर आठ पाळ्यांमधे सुरुवातीच्या दाबाचा साधारण १३ पट होतो. आणि विचारलं असतं तर दोघांनीही अगदी प्रामाणिकपणे सांगितलं असतं की मी तेवढ्यास तेवढंच दिलं.

असं का होतं याचं उत्तर मेंदूच्या एका फार उपयोगी सवयीत आहे. आपण हात हलवायचा हुकूम स्नायूंना पाठवतो तेव्हा मेंदू त्याच हुकुमावरून एक अंदाजही बांधून ठेवतो, की आता असं असं जाणवेल. मग खरंच तसं जाणवलं की मेंदू ती जाणीव दाबून टाकतो, कारण त्यात नवीन माहिती काहीच नसते. म्हणून तर स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. १९९८ मधे सारा-जेन ब्लेकमोर, वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी मेंदूचे स्कॅन घेऊन नेमकं हेच दाखवलं होतं, स्वतः केलेल्या स्पर्शाला मेंदूतले स्पर्शाचे भाग कमी प्रतिसाद देतात आणि त्यात लहान मेंदूचा हात असतो. ही सोय नसती तर चालताना स्वतःच्याच पावलांनी आपण दचकत राहिलो असतो. पण याचा अर्थ असाही होतो की स्वतः दिलेला दाब आपल्याला नेहमीच आहे त्यापेक्षा कमी वाटतो आणि दुसऱ्याचा मात्र पूर्ण जाणवतो. बोटाऐवजी जॉयस्टिकने मशीनमार्फत दाब द्यायला सांगितला तेव्हा हीच माणसं बऱ्यापैकी अचूक निघाली, म्हणजे दोष हेतूत नव्हता, मापात होता.

आता बोटाचा दाब वेगळा आणि शब्द वेगळा, हा प्रयोग जसाच्या तसा तोंडाच्या भांडणाला चिकटवणं बरोबर नाही, स्पर्शाची ही यंत्रणा शब्दांनाही लागू होते असा काही पुरावा यातून मिळत नाही. पण शब्दांचं माप घेतानाही आपण त्याच बाजूला चुकतो, हे मानसशास्त्राच्या वेगळ्या प्रयोगांमधून आलेलं आहे.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा २००५ चा, जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना साध्या साध्या विषयांवर वाक्यं दिली, काही सरळ अर्थाची, काही टोमणा म्हणून, आणि ती काही जणांनी ईमेलने पाठवायची तर काही जणांनी आवाजात. पाठवणाऱ्यांना विचारलं, समोरच्याला तुमचा सूर कितीदा कळेल? दोन्ही गटांचा अंदाज सारखाच, साधारण ७८ टक्के. आवाजात ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखलं. लिहिलेलं वाचणाऱ्यांनी फक्त ५६ टक्के, आणि इथे नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० टक्के आलं असतं. म्हणजे लिहून पाठवलेला सूर जवळजवळ पोचतच नाही, आणि आपण लिहिताना मात्र तो मनातल्या मनात ऐकत असतो त्यामुळे आपल्याला वाटतं की तो कागदावर उतरलाच आहे. भरीस भर म्हणजे वाचणाऱ्यांनाही खात्री होती की आपण ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखू. रात्री अकरा वाजता ग्रुपवर कोणीतरी "बरं, बघू" एवढंच टाकतो, त्याच्या मनात ते थकून म्हटलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते तोडून टाकल्यासारखं वाटतं, आणि दोघांनाही आपापल्या वाचनाबद्दल तिळमात्र शंका नसते. गैरसमज झाला याचं दुःख कमी आहे हो, गैरसमज झालाय हे कळायला काही वावच नाही याचं जास्त आहे.

मग भांडण होऊन गेल्यावर त्याची गोष्ट बनते. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० मधे लोकांना दोन-दोन प्रसंग लिहायला सांगितले, एक ज्यात कोणीतरी तुम्हाला संताप आणला, आणि दुसरा ज्यात तुम्ही कोणाला तरी संताप आणला. दुखावलेल्याच्या भूमिकेतून लिहिलेल्या गोष्टी लांबच्या काळात पसरलेल्या होत्या, त्यात आधीपासूनचे प्रसंग साठत आलेले होते, त्रास अजून संपलेला नव्हता आणि समोरच्याने असं का केलं ते कळण्यापलीकडचं होतं. दुखावणाऱ्याच्या भूमिकेतून लिहिताना तो एक सुटा प्रसंग होता, त्याला काहीतरी कारण होतं, आणि तो केव्हाच मिटलेला होता. हे वाचताना लक्षात ठेवायचं की दोन्ही गोष्टी त्याच माणसांनी लिहिलेल्या आहेत, भांडखोर लोकांचा एक गट आणि सोशिक लोकांचा दुसरा असं काही नव्हतंच! पुढे १९९७ मधे त्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट वाचायला देऊन ती एकेका भूमिकेतून सांगायला लावली तेव्हा दोन्ही बाजूंनी तपशील वाकवले आणि साधारण सारख्याच प्रमाणात वाकवले. आपण सहसा दुखावलेल्याची आठवण खरी धरतो, मीही धरते, पण आठवणीच्या अचूकपणात तो पुढे नसतो. न्याय कोणाच्या बाजूला आहे हा प्रश्न अर्थात वेगळा, तो यातून सुटत नाही.

आणि बघणारेही तटस्थ नसतात. नोव्हेंबर १९५१ मधे अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच फार धसमुसळी झाली, एका बाजूच्या खेळाडूचं नाक फुटलं, दुसऱ्याचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवली तर प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथच्या टीमचे जितके फाउल दिसले त्याच्या निम्मेही डार्टमथवाल्यांना दिसले नाहीत.

मग माणूस चिडून तिसऱ्याकडे जातो, मन मोकळं करतो. मन मोकळं केल्याने राग उतरतो हे आपल्याकडे सगळेच मानतात आणि नेमकं इथेच पुरावा उलटा आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मधे ६०० विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या निबंधावर अपमानकारक शेरा मारून चिडवलं. मग काहींना शेरा मारणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर बुक्के मारायला लावले, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावले, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं गप्प बसवलं. सगळ्यात जास्त चिडलेले आणि आक्रमक पहिले निघाले आणि सगळ्यात कमी आक्रमक, काहीच न केलेले. २०२४ मधे त्यांनी आणि सोफी क्यार्विक यांनी अशा १५४ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हाही तेच आलं, शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, योग वगैरे, यांनी राग उतरतो आणि आदळआपट करून उतरत नाही. त्यामुळे जवळच्या मैत्रिणीला फोन करून तीच हकीकत चौथ्यांदा सांगण्याबद्दल माझं मत आता फार चांगलं राहिलेलं नाही, त्या प्रत्येक वेळी तो माणूस डोळ्यासमोर उभा करून आपण बॅगवर बुक्केच मारत असतो. मैत्रीण ऐकून घेते याचं बरं वाटतं ते खरं आहे, पण बरं वाटणं आणि राग उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपयोगी पडलेलं असं काही आहे का, तर एली फिंकेल यांचा २०१३ चा अभ्यास आहे. शिकागो भागातली १२० जोडपी, दोन वर्षं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी ७ मिनिटं लिहायला सांगितलं, की तुमचं नुकतंच झालेलं भांडण एखाद्या तिसऱ्या माणसाने पाहिलं असतं, ज्याला तुम्हा दोघांचंही भलं व्हावं असं वाटतं, तर त्याला ते कसं दिसलं असतं. वर्षभरात मिळून २१ मिनिटं. पहिल्या वर्षी सगळ्याच जोडप्यांचं समाधान घसरत होतं, दुसऱ्या वर्षी न लिहिणाऱ्यांचं घसरतच राहिलं आणि लिहिणाऱ्यांचं घसरणं थांबलं. त्यांची भांडणं कमी झाली नव्हती बरं का, तेवढीच होत होती आणि तेवढ्याच जोरात होत होती, पण त्या भांडणांचा मनाला होणारा त्रास कमी झाला होता.