ओसुमींचं ईस्ट आणि आपली एकादशी

आषाढी जवळ येते, कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरीच्या वाटेला लागते आणि इकडे भुसावळपासून शहादा-तळोद्यापर्यंत मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर दरवर्षी थोडाफार बदलतो, गाभा तोच असतो. एका जपानी शास्त्रज्ञाने म्हणे सिद्ध केलं आहे की एकादशीला उपास केला की शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं, आणि त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. गल्लीतल्या एका काकांनी तर मला थांबवूनच विचारलं, "सर, त्या जपानवालाले उपासवरच नोबेल भेटनं ना?"

जपानवाला खरा आहे, नोबेलही खरं आहे. नाव योशिनोरी ओसुमी, वैद्यकशास्त्राचं २०१६ चं नोबेल, आणि तेही एकट्याला, जे या विषयात हल्ली क्वचितच घडतं. बाकी मेसेजला शेंडा ना बुडखा. ज्या प्रयोगांवर हे नोबेल मिळालं त्यात उपाशी माणूस नव्हताच. होतं ते ईस्ट, पावाचं पीठ फुगवतं ते. हा माणूस आणि त्याचं काम इतकं भारी आहे की ते या मेसेजखाली गाडलं जावं याचाच मला जास्त राग येतो.

शाळेच्या पुस्तकात लयकारिका वाचलेली आठवत असेल. पेशीतल्या त्या 'आत्मघाती पिशव्या', ज्यात पचन करणारी विकरं भरलेली असतात. बेल्जियमच्या क्रिस्तियान द दूव यांनी त्या १९५५ साली ओळखल्या. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून उंदरांच्या यकृताच्या पेशी पाहताना विचित्र पिशव्या दिसू लागल्या. त्यांच्या आत पेशीचेच तुकडे होते, कधी तर पेशीला ऊर्जा पुरवणारी अख्खी तंतुकणिका. पेशी स्वतःचाच माल पोत्यात भरून लयकारिकेकडे पाठवते आहे, असा त्याचा अर्थ निघत होता. या प्रकाराला द दूव यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःलाच खाणं, असं नाव दिलं. १९७४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते मुख्यतः पेशीच्या अंतर्गत रचनेच्या कामासाठी. आणि मग हा विषय जवळजवळ तीस वर्षं तिथेच रेंगाळला. पिशव्या दिसत होत्या, पण त्या कोण बनवतं, कोणती जनुकं लागतात, कधी सुरू होतं, कधी थांबतं, याचा पत्ता कुणालाच नव्हता.

ओसुमींचा जन्म १९४५ चा, फुकुओकाचा. महायुद्ध संपायला काही महिने उरले होते. वडील विद्यापीठात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, आई बराच काळ क्षयाने आजारी. टोकियो विद्यापीठात गेले ते रसायनशास्त्रासाठी, मग रेण्वीय जीवशास्त्राकडे वळले. डॉक्टरेट झाली, पण जपानमध्ये नोकरी मिळेना. म्हणून न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडलमन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे उंदराच्या अंड्यांवर काम होतं आणि ते काही त्यांना जमेना, तेव्हा ते ईस्टकडे सरकले. १९७७ मध्ये टोकियोला परतले आणि ईस्टच्या रिक्तिकेवर काम करू लागले. रिक्तिका म्हणजे ईस्टमध्ये लयकारिकेचं काम करणारी मोठी पिशवी. तेव्हा बहुतेकांच्या लेखी ती पेशीचा उकिरडाच. ओसुमींनी पुढे स्वतःच सांगितलं आहे की त्यांना स्पर्धा आवडत नाही, जिथे गर्दी नाही असा विषय हवा होता. उकिरड्यावर कोण गर्दी करणार? दहाएक वर्षं ते रिक्तिकेच्या पातळ पटलातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आत-बाहेर कशी जातात ते पाहत राहिले. स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली १९८८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी. आपल्याकडे त्या वयात माणूस एव्हाना विभागप्रमुखपदाच्या राजकारणात असतो.

आता तो प्रयोग. ईस्टची पेशी जेमतेम पाच मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. तिच्यात आणखी बारीक पिशव्या तयार होऊन रिक्तिकेत जात असतील तर साध्या सूक्ष्मदर्शकाला काय दिसणार? शिवाय रिक्तिकेत पोहोचलेला माल क्षणार्धात पचून जातो. म्हणून ओसुमींनी असं ईस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेतली प्रथिनं पचवणारी विकरंच निकामी आहेत. मग त्याला उपाशी ठेवलं. आला माल पचलाच नाही तर साठेल, आणि साठला तर दिसेल, एवढा साधा तर्क.

झालंही तसंच. अर्ध्या तासातच रिक्तिकेत गोल गोल कण दिसायला लागले आणि एकसारखे थरथरत फिरू लागले. काही तासांत रिक्तिका त्यांनी गच्च भरली. एरवी रिकामी, स्वच्छ दिसणारी पिशवी वळवळणाऱ्या गोळ्यांनी भरलेली, आणि तीही साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून. ओसुमी तासन् तास ते पाहत बसायचे. त्या हलण्यात ईस्टचा काही हेतू नव्हता. आतलं पाणी पातळ असल्याने रेणूंच्या धडकांनी कण हलतात तेवढंच, पण त्या हलण्यामुळेच ते चटकन नजरेत भरले. मिसुझु बाबा या संशोधिकेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा त्या गोळ्यांमध्ये पेशीद्रव्याचेच तुकडे निघाले. हे काम १९९२ मध्ये छापून आलं.

इथे एक गोष्ट मेसेजवाल्यांनी मुद्दाम वाचावी. या प्रयोगातल्या ईस्टच्या द्रावणात साखर होती, ग्लुकोज व्यवस्थित घातलेलं होतं. काढून घेतलं होतं ते नत्र. म्हणजे हा 'उपास' आपल्या युरियाचा, भाकरीचा नव्हे.

पुढचं काम हमालीचं होतं. रसायन टाकून ईस्टमध्ये हजारो बिघाड घडवायचे आणि एकेक वाण सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघायचं, उपाशी ठेवूनही गोळे दिसत नाहीत असा कोणता. ओसुमींची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा हिने ते केलं. पहिला वाण सापडला तेव्हा लक्षात आलं की तो उपासमारीत इतरांपेक्षा लवकर मरतो. मग मरणाऱ्या पेशींना लाल करणारा रंग वापरून शोध झपाट्याने झाला. १९९३ च्या एका छोट्या लेखात त्यांनी पंधरा जनुकं मांडली. पुढे २००३ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांनी एकच नाव मान्य केलं, एटीजी (ऑटोफॅजीवरूनच) आणि पुढे क्रमांक.

आणि आता मला जे सगळ्यात आवडतं ते. जरा दमाने घ्या.

पिशवी तयार कशी होते? पेशीद्रव्यात आधी पटलाचा एक छोटासा चपटा तुकडा दिसतो. तो वाढत जातो, कडा वर वळतात, वाटीसारखा आकार येतो, आणि मध्ये आलेला माल पोटात घेऊन तोंड मिटतं. पुरणाचा उंडा भरताना पारी बोटांनी वर ओढत नेऊन तोंड बंद करतात ना, अगदी तसं. फरक इतका की इथली पारी दुहेरी असते. म्हणून तयार झालेल्या गोळ्याला दोन पटलं असतात. बाहेरचं रिक्तिकेच्या भिंतीत विरघळून जातं आणि आतलं, मालासकट, रिक्तिकेत पडतं. ओसुमींना दिसले होते ते हे आतले गोळे.

पारी वर ओढणारी बोटं म्हणजे एटीजी प्रथिनं. त्यातलं आठव्या क्रमांकाचं प्रथिन माझं लाडकं. ते तयार होतं तेव्हा त्याच्या शेपटाला आर्जिनिन नावाचं एक जास्तीचं अमिनो आम्ल लटकलेलं असतं. एटीजी-४ नावाची कात्री ते कापते. आता शेपटाला ग्लायसिन उघडं पडतं. एटीजी-७ त्याला पकडून सक्रिय करतं आणि एटीजी-३ च्या हाती देतं. एटीजी-३ ते नेऊन पटलातल्या एका मेदाला, फॉस्फॅटिडिल-इथॅनॉलअमाइनला, रासायनिक बंधाने चिकटवतं. हे चिकटवणं कुठे करायचं ते ठरवणारी आणखी एक जोडी आहे, एटीजी-१२ आणि एटीजी-५. ती दोघंही एकमेकांना अशाच साखळीने जोडली जातात, आणि सोबत एटीजी-१६ असतं. काम झालं की पुन्हा तीच कात्री येते, एटीजी-८ ला मेदापासून सोडवते आणि ते नव्या पिशवीसाठी मोकळं होतं.

नोबेलच्या लायकीचं यात काय? प्रथिनाला प्रथिन चिकटवायची अशी साखळी आधी माहीत होती. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनचा शिक्का मारून त्याला मोडीत काढलं जातं, त्यात हीच पद्धत आहे. पण तसलंच प्रथिन सरळ मेदाला चिकटवायचं, पटलावर खुंटीसारखं रोवायचं, हे २००० मध्ये ओसुमींच्या प्रयोगशाळेने दाखवलं तेव्हा ते पूर्णपणे नवं होतं. त्याच वर्षी माणसातलं एटीजी-८ चं भावंड, एलसी-३, पिशव्यांवर बसतं हेही कळलं. त्यानंतर जगातली कोणतीही प्रयोगशाळा एलसी-३ ला हिरवा चमकणारा रंग जोडून पेशीत किती पिशव्या झाल्या ते ठिपके मोजून सांगू लागली. आज ऑटोफॅजीवर निघणाऱ्या शोधनिबंधांच्या पुरामागे ही सोय आहे.

इथवर डोकं गरगरलं असेल तर वरचे दोन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल, फक्त खाली एटीजी-५ पुन्हा येतंय एवढं ध्यानात ठेवा.

ओसुमी १९९६ मध्ये ओकाझाकीला गेले. तिथे नोबोरु मिझुशिमा हे डॉक्टरकी शिकून आलेले संशोधक त्यांच्या प्रयोगशाळेत होते. पुढे मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी एटीजी-५ नसलेले उंदीर तयार केले. २००४ मध्ये छापलेला निकाल असा : पिल्लं जन्मतात बऱ्यापैकी धडधाकट, पण एका दिवसात मरतात. जन्मताच नाळेतून येणारं अन्न तुटतं आणि आईचं दूध अंगी लागायला वेळ जातो. त्या मधल्या काही तासांत साध्या पिल्लांमध्ये ऑटोफॅजीला उधाण येतं, पेशी स्वतःची प्रथिनं मोडून अमिनो आम्लं मिळवतात. या पिल्लांना ती सोय नव्हती.

मग आपला उपास? पेशीत टॉर नावाचं एक प्रथिन पहारेकऱ्याचं काम करतं. अमिनो आम्लं मुबलक असली, रक्तात इन्शुलिन वाढलं, की ते जागं राहतं आणि ऑटोफॅजी दाबून ठेवतं. ओसुमी आणि त्यांचे सहकारी नोदा यांनी १९९८ मध्ये दाखवलं की रॅपामायसिन या औषधाने टॉर बंद पाडलं तर भरपेट ईस्टसुद्धा ऑटोफॅजी सुरू करतं. आता आपल्या एकादशीचं ताट पाहा : साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू आणि रावेरची केळी. एकादशी नि दुप्पट खाशी! एवढा स्टार्च पोटात गेल्यावर इन्शुलिन चढणारच, आणि इन्शुलिन चढलं की टॉर कशाला झोपेल?

निर्जळी करणारे म्हणतील, आमचं काय. उपाशी उंदरांच्या यकृतात ऑटोफॅजी वाढते, हे पक्कं आहे. पण जिवंत माणसाच्या यकृतात ती किती चालू आहे हे सांगणारी साधी रक्तचाचणी कुठल्याच लॅबमध्ये मिळत नाही. त्यामुळे 'सोळा तासांनी सुरू, बहात्तर तासांनी कॅन्सर साफ' असले तक्ते विकणाऱ्या डिटॉक्सवाल्यांना विचारा, मोजलं कशाने? आणि कॅन्सरचं म्हणाल तर ऑटोफॅजी दुधारी आहे. पेशी निरोगी ठेवून ती गाठ होण्याला आळा घालते, पण गाठ एकदा तयार झाली की तिच्यातल्या उपाशी पेशीही याच सोयीवर तग धरतात. म्हणून काही संशोधक कॅन्सरमध्ये ऑटोफॅजी बंद पाडण्याची औषधं तपासत आहेत. श्रद्धेने उपास करा, माझी आईही करते. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना मेसेज वाचून निर्जळी करू नका, साखर एकदम उतरली तर चक्कर येऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारून करा.

ऑटोफॅजी रोज, जेवल्यावरसुद्धा, थोडीथोडी चालूच असते. मोठा माणूस दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं खातो, पण त्याचं शरीर रोज दोन-तीनशे ग्रॅम नवी प्रथिनं बनवतं. मधला फरक जुन्या प्रथिनांची मोड करून भागवला जातो, त्यात ऑटोफॅजीचाही वाटा आहे.

आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शकच लागतो असंही नाही. यावल-रावेरकडच्या कुठल्याही केळीवाल्याला, नाहीतर मका लावणाऱ्याला विचारा, नत्र कमी पडलं की आधी कोणती पानं पिवळी पडतात. तो सांगेल, खालची, जुनी. (लोह कमी पडलं तर उलटं, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. म्हणून पिवळं दिसलं की युरिया फेकू नये.) जुन्या पानातली प्रथिनं मोडून त्यातलं नत्र रसवाहिन्यांतून नव्या पानांकडे आणि दाण्यांकडे पाठवलं जातं. त्या मोडीचा एक मोठा हिस्सा रिक्तिकेत होतो, आणि माल तिथे नेणाऱ्या पिशव्या बांधतात ती ओसुमींनी ईस्टमध्ये शोधलेल्या जनुकांचीच भावंडं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एटीजी-१२ बिघडलेला मका लावून पाहिला. भरपूर नत्र दिलं तेव्हा झाडं तगली. नत्र तोडलं तेव्हा रोपांची वाढ खुंटली, मोठ्या झाडांची पानं वेळेआधी वाळली आणि कणसं खुरटी राहिली. नत्राच्या जड अणूंचा माग काढला तेव्हा कळलं, जुन्या पानांतलं नत्र दाण्यांपर्यंत पुरेसं पोहोचतच नव्हतं.