आयरिश सोडा ब्रेड

गव्हाचे पीठ, खाण्याचा सोडा, मीठ आणि आंबट ताक या चारच जिनसांपासून घरच्या घरी भाजला जाणारा आयर्लंडमधील पाव. यात यीस्ट नसते, पीठ आंबवावे लागत नाही व मळावेही लागत नाही. पीठ चाळण्यापासून पाव भट्टीतून बाहेर येईपर्यंत तासभर पुरतो. लोणी, साखर, अंडी वा मनुका घातलेले प्रकार नंतरचे किंवा सणासुदीचे आहेत; रोजच्या जेवणातला मूळ पाव या चार जिनसांचाच होय.

दुष्काळाच्या काळात गरिबांनी हा पाव शोधून काढला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते, पण ती बरोबर नाही. काउंटी डाउनमधील न्यूरी येथील वृत्तपत्रात १८३६ मध्येच त्याची कृती छापून आलेली होती, आणि बटाट्यावरील रोगामुळे पडलेला महादुष्काळ १८४५ ते १८५२ या काळातला आहे. क्षाराने पीठ फुगवण्याची कल्पनाही मुळात आयर्लंडची नव्हे. अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीसच लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार त्यासाठी वापरात होता. तरीही हा पाव आयर्लंडचाच म्हणून ओळखला जातो, कारण तेथील शेती, गोठा आणि चूल या तिन्हींशी तो जसा जुळला तसा अन्यत्र जुळला नाही. तेथील दमट, थंड हवेत पिकणारा गहू मऊ जातीचा असतो. त्यात ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) कमी असल्याने यीस्टच्या पावाला लागणारी ताण धरण्याची ताकद त्याच्या पिठाला नसते. सोड्याने झटपट फुगणाऱ्या पावाला मात्र असेच पीठ मानवते. दुसरीकडे आयर्लंड हा लोण्याचा देश. घरोघरी साय आंबवून घुसळली जाई, लोणी बाजारात विकले जाई आणि मागे उरलेले आंबट ताक पिण्यासाठी व पिठासाठी घरात राही. दारूच्या भट्टीवरून आणावे लागणारे यीस्ट लवकर बिघडे. सोड्याची पूड डब्यात महिनोन्‌महिने टिके. दुष्काळाने बटाट्यावरचा भरवसा उडाल्यानंतरच्या दशकांत पीठ आणि सोडा दुकानातून आणणे खेड्यापाड्यांतल्या घरांनाही परवडू लागले, आणि हा पाव नित्याचा झाला.

भट्टी फारच थोड्या घरांत होती. दलदलीतून कापून वाळवलेले पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे मातीसारखे जळण) चुलीत जळत असे, आणि पाव ‘बॅस्टिबल’ नावाच्या बिडाच्या भांड्यात भाजला जाई. हे भांडे सपाट बुडाचे, तीन पायांचे व जड झाकणाचे असून त्याचे नाव इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बार्नस्टेपल या गावावरून पडले आहे. ते निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे रचत, म्हणजे पावाला दोन्हीकडून आच लागे. कोकणात तवसळी भाजताना खाली-वर निखारे देण्याची पद्धत आहे, तिच्याशी याचे थेट साम्य दिसते. आयर्लंडच्या ग्रामीण भागात १९४६ पासून वीज पोहोचू लागली, त्यानंतर बॅस्टिबल हळूहळू अडगळीत गेले. घरात झाकणाचे जाड बिडाचे भांडे असेल, तर तेच तापवून त्यात पाव भाजल्यास आजही त्याचे कवच अधिक चांगले होते.

पाव फुगतो तो ताकातील लॅक्टिक आम्ल आणि सोडियम बायकार्बोनेट (म्हणजे खाण्याचा सोडा) यांच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. ही अभिक्रिया ताक पिठाला लागताक्षणी सुरू होते आणि कोणासाठी थांबत नाही. म्हणून भट्टी आधी पूर्ण तापलेली असली पाहिजे, आणि पीठ भिजल्यावर पाव काही मिनिटांतच आत गेला पाहिजे. आम्लाच्या मानाने सोडा जास्त झाला तर उरलेला सोडा उष्णतेने सोडियम कार्बोनेट बनतो. मग पाव आतून पिवळट दिसतो व साबणासारखा लागतो. चमचा शिगोशीग भरण्याची सवय इथे घातक ठरते.

घरी करण्याची नेहमीची कृती अशी: ४५० ग्रॅम मैद्यात सपाट लहान चमचाभर (टीस्पून) सोडा व तितकेच मीठ चाळून घ्यावे. सोड्याची एखादी गुठळी राहिली तर भाजल्यावर तिथे तपकिरी, कडवट ठिपका उमटतो, म्हणून सोडा आधी बोटांनी मोडून मगच चाळणीत टाकावा. पिठात मधोमध आळे करून ३५० ते ४०० मिलिलिटर आंबट ताकापैकी बहुतेक सगळे एकदम ओतावे. मग एका हाताची बोटे पंजासारखी ताठ पसरून ती मधून कडेकडे गोल फिरवावीत. सात-आठ फेऱ्यांत पीठ गोळा होते. गोळा ओलसर, किंचित चिकट आणि वरून खडबडीत असावा. तो गुळगुळीत होण्याची वाट पाहू नये. पोळीची कणीक तिंबून मुरत ठेवणाऱ्या हाताला इथेच सर्वांत जास्त आवर घालावा लागतो, कारण मळल्याने ग्लुटेनचे जाळे घट्ट होते, वायू निसटून जातो आणि पाव दडस होतो. पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर गोळा उलटवून हलक्या हाताने सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा गोल करावा आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सुरीने खोल फुली मारावी. २३० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटे आणि नंतर २०० अंशांवर सुमारे ३० मिनिटे भाजून पाव उलटा धरावा व बुडावर बोटाच्या पेराने ठोकावे. पोकळ आवाज आला तर पाव झाला. आवाज बद्द आला तर तो आणखी पाच मिनिटे उलटाच भट्टीत ठेवावा. कवच मऊ हवे असेल तर गरम पाव स्वच्छ फडक्यात गुंडाळतात, कडक हवे असेल तर जाळीवर उघडा ठेवतात.

महाराष्ट्रातील घरात हा पाव करताना अडचण येते ती ताकाची. आपले पिण्याचे ताक पाणी घालून पातळ केलेले असते. त्यात आम्ल कमी पडते व पाव बसतो. दोन दिवसांचे आंबट दही थोड्याच पाण्यात घुसळून केलेले दाट, बिनमिठाचे ताक चांगले काम देते. तपकिरी पावासाठी आयर्लंडमध्ये कोंड्यासकट जाडसर दळलेले पीठ मैद्यात मिसळतात. गिरणीवरची बारीक कणीक त्याऐवजी वापरली तर ती ताक जास्त शोषते, हे ध्यानात ठेवून ओलावा वाढवावा.

फुलीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. तिने पावातल्या पऱ्या बाहेर पडतात किंवा अनिष्ट टळते, अशी लोकश्रद्धा आहे. कॅथलिक घरांत ती क्रुसाची खूण मानली जाते. व्यवहारात तिचा उपयोग असा, की जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचते, कवच हवे तसे न फाटता चिरेवरच उमलते आणि पाव हाताने चार भागांत मोडता येतो.

उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात याच पिठाचा पातळ गोल थापून त्याचे चार तुकडे करतात व ते तव्यावर भाजतात. अशा तुकड्याला ‘फार्ल’ म्हणतात. चौथा हिस्सा या अर्थाच्या जुन्या स्कॉट्स शब्दावरून हे नाव आले. तवा तापला की नाही हे पाहण्यासाठी त्यावर चिमूटभर पीठ टाकतात: ते लगेच करपले तर तवा फार तापला, सावकाश तांबूस झाले तर बेताचा. दोन्ही बाजू भाजून झाल्यावर फार्ल एकमेकांना टेकवून कडेवर उभे करतात, म्हणजे ओलसर राहिलेल्या कडाही सुकतात. डुकराचे मांस, अंडी व बटाट्याची पोळी यांच्याबरोबर तळलेले फार्ल हा तिकडच्या न्याहारीचा ठरलेला भाग आहे.

नावांच्या बाबतीत प्रांताप्रांतांत गोंधळ आहे. उत्तरेत तपकिरी पावाला ‘व्हीटन’ म्हणतात. दक्षिणेत तोच ‘ब्राउन ब्रेड’, आणि खेड्यांत जुनी माणसे गोल पावाला नुसते ‘केक’ म्हणत, जरी त्यात साखरेचा कणही नसे. मनुका घातलेला पांढरा पाव ‘स्पॉटेड डॉग’ होतो. स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेलेल्या पावात साखर, लोणी, अंडी, मनुका आणि शहाजिऱ्यासारखे दिसणारे कॅरवे बी आले, आणि १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाला तिथे तोच प्रकार भाजला जातो. तो चवदार असतो, पण चहाबरोबरचा गोड केक म्हणूनच त्याकडे पाहणे योग्य.

यीस्टच्या पावासारखा हा पाव टिकत नाही. भाजल्या दिवशीच, पुरता निवण्यापूर्वी जाड काप करून, खारे लोणी लावून तो सर्वांत चांगला लागतो. सूप, चीज किंवा धुरावलेला सामन मासा यांच्याशीही त्याची जोडी जमते. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, तेव्हा काप शेकून खातात.