वेदनाशामक औषधांवरील नियंत्रण (भारत)

वेदनाशामक औषधावर किती निर्बंध असावेत, हे ते दुखणे किती थांबवते यावरून ठरत नाही. त्याची नशा होते का, सवय लागते का, यावरून ठरते. भारतात हे काम दोन कायदे करतात : औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस).

डायक्लोफेनॅक हे नशा न करणारे नेहमीचे वेदनाशामक पहिल्या कायद्याच्या नियमांतील ‘एच’ अनुसूचीत (यादीत) येते. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मेडिकलमध्ये ती किती वेळा मागतात, हा भाग वेगळा. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अधिक कडक अनुसूची लागू झाली. तिच्यात बऱ्याच प्रतिजैविकांबरोबर कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्या जातीची औषधेही आहेत. ती विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण नोंदवायचे आणि वही तीन वर्षे जपायची.

ट्रामाडॉल हे अफूसारखे काम करणारे वेदनाशामक आधी याच यादीत होते. नशेसाठी त्याचा वापर थांबेना, तेव्हा २६ एप्रिल २०१८ रोजी ते एनडीपीएसखाली आले. काल ज्या साठ्यासाठी परवान्यावर गदा आली असती, त्याच साठ्यासाठी आज ‘व्यापारी प्रमाण’ (कायद्याने मोठा साठा म्हणून ठरवलेले वजन) भरल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी. त्याचा भाऊबंद टॅपेंटाडॉल मात्र तेव्हा बाहेरच राहिला. टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारे औषध) यांचे मिश्रण पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकले जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने त्याची निर्यात थांबवली.

कडकपणाची खरी झळ अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनला बसली. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी १९८५ नंतर कर्करुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. बाळगणे, वाहतूक, आयात अशा प्रत्येक गोष्टीला राज्याचा निराळा परवाना लागे, त्यांच्या मुदती जुळत नसत; रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. एनडीपीएसच्या २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा वर्ग केला. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे आहेत. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. अट एवढीच, की संस्थेत या औषधांच्या वापराचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर हवा. लहान गावात अडते ते सहसा इथेच.