आवडणं आणि पाठिंबा देणं

‘मला ती कादंबरी आवडली’ या वाक्याचा कर्ता कादंबरी आहे, मी नाही. ‘मी त्या युद्धाला पाठिंबा दिला’ असं म्हटलं की कर्ता मी, आणि उद्या जाब विचारला तर तो मलाच विचारला जाणार. व्याकरणानं इतका सरळ केलेला फरक वाद पेटला की पार विसरला जातो. एखाद्या देशाच्या मालिका किंवा कॉमिक्स आवडतात असं म्हणायचा अवकाश, लगेच विचारणा होते: म्हणजे त्यांचं राजकारणही मान्य?

टर्बिन कुटुंबाची गोष्ट सांगणारं रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोव्हचं नाटक १९२६ साली मॉस्कोच्या रंगमंचावर आलं. त्यातले नायक बोल्शेविकांच्या, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांच्या, क्रांतीच्या विरोधात लढलेले अधिकारी होते, आणि तेही सहानुभूतीनं रंगवलेले. स्टालिन हे नाटक पुन्हा पुन्हा पाहायला जायचा. १९२९ च्या एका पत्रात त्यानं नाटकाची बाजूही घेतली: असली माणसंसुद्धा अखेर शस्त्रं खाली ठेवतात, म्हणजे बोल्शेविक अजिंक्य आहेत, असंच प्रेक्षकाला वाटेल. युक्तिवाद हुशारीचा आहे. पण तेवढ्यासाठी कुणी एकच नाटक इतक्यांदा पाहत असेल, हे मला काही पटत नाही. नाटक आवडलं होतं, इतकं साधं असावं ते.

दक्षिण कोरियानं १९४५ नंतर जपानी चित्रपट, गाणी, कॉमिक्स यांना दार बंद ठेवलं. ते टप्प्याटप्प्यानं उघडायला १९९८ उजाडलं. मधल्या काळात मुलं चोरून छापलेली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचत होती, आणि टीव्हीवर नावं बदलून डब केलेली जपानी कार्टून्स पाहत होती. पस्तीस वर्षांच्या जपानी राजवटीचा राग त्यामुळे विरला नाही. उत्तर कोरियानं मात्र २०२० च्या कायद्यात दक्षिणेच्या मालिका पाहण्यालाच कठोर शिक्षा ठेवली. आवड म्हणजेच निष्ठा हे समीकरण कुणाला सोयीचं वाटतं, ते इथे दिसतं.

मग आवडणं अगदीच निरुपद्रवी म्हणायचं का? नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं अकराव्या शतकात लिहून ठेवलंय की, रसास्वादाच्या वेळी ‘हे माझं’, ‘हे शत्रूचं’, ‘हे तिऱ्हाइताचं’ असला हिशेब मनात राहत नाही. म्हणून तर शत्रूकडच्या आईचं रडणं आपल्याला हलवतं. पण पहारा उठला की दारातून काहीही आत येऊ शकतं. आवडणं आणि पाठिंबा यांच्या मधे ‘पटणं’ नावाची एक पायरी आहे. तीही न ठरवता घडते, आणि घोटाळा होतो तो बहुतेक तिच्यावरच. कथेतलं पात्र भाषण ठोकतं तेव्हा आपण सावध असतो. खरं पटवून जातं ते न बोललेलं: कुणाला नाव आहे, कुणाला संवाद आहेत, कोण नुसताच जमाव म्हणून मरतो. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेनं १९७५ च्या व्याख्यानात जोसेफ कॉनराडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या, आफ्रिकेतल्या नदीप्रवासावरच्या कादंबरीवर हाच आक्षेप घेतला. कॉनराडच्या लेखनकौशल्याविषयी त्याची तक्रार नव्हती. एका युरोपीय माणसाच्या मनाची पडझड दाखवायला आख्खी आफ्रिका नेपथ्यासारखी वापरली, याची होती. ती कादंबरी आवडलेल्या वाचकानं हे ऐकून आवड टाकून द्यावी असं मला वाटत नाही. पुन्हा वाचताना नदीकाठच्या माणसांकडे मात्र त्याचं लक्ष जाईल.

पैशाची बाब यात उगाच मिसळली जाते. विकत घेणं आपोआप घडत नाही, ते आपण करतो. तिथे कर्ता पुन्हा मी. युक्रेनच्या संसदेनं २०२२ मध्ये रशियातून येणाऱ्या पुस्तकांच्या आयातीवर बंदीचा कायदा मंजूर केला. ज्या देशावर बॉम्ब पडताहेत त्यानं आपला पैसा तिकडे जाऊ द्यायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे; घरातल्या फडताळावरचं जुनं पुस्तक वाचणाऱ्याच्या मनाचा निवाडा त्यावरून होत नाही. आक्रमण करणाऱ्या सरकारच्या पैशातून निघालेला युद्धपट मी तिकीट काढून पाहणार नाही. त्याच देशातल्या, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकाची कादंबरी मात्र उशाशी अर्धी वाचून पडली आहे, आणि ती मी पुरी करणार आहे.